किल्ल्याखालचे बंदर : उत्तर कोकणातील मासेमारी गावे आणि त्यांचा युद्धकालीन वारसा

वसईच्या खाडीपासून गुजरातच्या सीमेवरील झाईपर्यंत पसरलेल्या किनाऱ्याचा इतिहास आजवर दोन वेगवेगळ्या दप्तरांत लिहिला गेला आहे. किल्ले, वेढे, तह आणि सरदार यांचे दप्तर इतिहासकारांच्या हाती राहिले, तर होड्या, जाळी, मासळी आणि सहकारी संस्था यांचे दप्तर मत्स्यव्यवसाय खाते आणि समाजशास्त्रज्ञ यांच्याकडे गेले. या दोन्ही दप्तरांतील गावांची नावे मात्र बहुतेक ठिकाणी तीच आहेत. अर्नाळा, दातिवरे, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर आणि डहाणू ही नावे अठराव्या शतकातील मराठे-पोर्तुगीज मोहिमेच्या पत्रांत जशी येतात, तशीच ती आजच्या मासेमारी गावांच्या यादीतही येतात, आणि वसईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कोळीवाड्याचे तर नावच ‘किल्लाबंदर’ असे आहे. त्यामुळे मासेमारी आणि लष्करी सत्ता यांचा या किनाऱ्यावर नेमका संबंध काय होता, युद्ध संपल्यावर त्यातून येथील दर्यावर्दी समाजाच्या वाट्याला काय आले, आणि या विषयावरील उपलब्ध लेखनात कोणती बाजू अपुरी राहिली, या तीन प्रश्नांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

‘उत्तर’ हा शब्द येथे केवळ दिशा सांगण्यासाठी वापरलेला नाही. पोर्तुगीजांच्या भारतातील सत्तेचे केंद्र गोवा होते आणि गोव्याहून पाहता वसई, साष्टी, माहीम, तारापूर, डहाणू आणि दमण हा मुलूख दूर उत्तरेला पडत असल्याने त्यांच्या कारभारात त्याला ‘उत्तर प्रांत’ असेच नाव होते. त्या प्रांताचा मुख्य लष्करी अधिकारी वसईस राहत असे व त्याला उत्तरेचा कप्तान जनरल म्हणत. मराठी कागदपत्रांत मात्र पोर्तुगीजांच्या अमलाखालील प्रदेशाला ‘फिरंगाण’ म्हटलेले आढळते. एकच किनारा गोव्याच्या दृष्टीने टोकाचा प्रांत, पुण्याच्या दृष्टीने परकीयांनी बळकावलेला मुलूख आणि तेथील कोळी, मांगेला व वैती समाजांच्या दृष्टीने रोजच्या पोटापाण्याचे अंगण होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ नीट लागत नाही.

किल्ला आणि मासेमारीचे बंदर एकाच जागी उभे राहण्यामागे भूगोलाचे साधे कारण आहे. उत्तर कोकणचा किनारा दक्षिण कोकणासारखा कातळकड्यांचा नाही. तो सखल, वाळूचा आणि चिखलाचा असून त्याला उल्हास, वैतरणा यांसारख्या नद्यांच्या मुखांनी आणि अनेक लहान खाड्यांनी ठिकठिकाणी छेद दिला आहे. अशा किनाऱ्यावर होडीला वाऱ्यापासून आसरा मिळतो तो खाडीच्या तोंडाशी, आणि आतल्या मुलखातील लाकूड, भात व मीठ समुद्राकडे येते तेही त्याच तोंडातून. मासेमाराला ओहोटीच्या वेळी गाळात न रुतता होडी बाहेर काढता येईल असा प्रवाह हवा असतो, व्यापाऱ्याला तोच प्रवाह माल चढवण्या-उतरवण्यासाठी हवा असतो, आणि त्या दोघांवर नजर ठेवून जकात वसूल करू पाहणाऱ्या सत्तेला तोफ ठेवण्यासाठी त्याच प्रवाहाच्या काठावरची जागा हवी असते. खाऱ्या चिखलाच्या या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या विहिरी मोजक्याच असल्याने शिबंदी, म्हणजे किल्ल्यावर कायम राहणारी फौज, आणि कोळीवाडा हे दोघेही एकाच पाण्याभोवती वसले. अर्नाळ्याच्या बेटावर चहूबाजूंनी समुद्र असतानाही गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि त्या बेटाला लष्करी मोल येण्यात त्यांचा वाटा तटबंदीपेक्षा कमी नव्हता.

मासेमारीची पद्धतही याच भूगोलाने घडवली. मुंबईपासून उत्तरेकडे, खंभातच्या आखाताच्या दिशेने, समुद्रतळाचा उथळ उतार रुंद होत जातो आणि भरती-ओहोटीतील पातळीचा फरकही वाढत जातो. या वाढत्या प्रवाहाचा उपयोग करून घेणारे जाळे म्हणजे डोल. हे शंकूच्या आकाराचे, मोठ्या तोंडाचे आणि मागे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे समुद्रतळाशी पक्के बांधून ठेवले जाते, प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, करंदी आणि जवळा त्यात आपोआप शिरतात, आणि प्रवाह फिरण्यापूर्वी जाळे उचलावे लागते. याउलट सरंगा म्हणजे पापलेट पकडण्यासाठी पाण्यात पडद्यासारखे उभे सोडायचे जाळे वापरतात, ज्याच्या आसांत मासा कल्ल्यांपाशी अडकतो. दोन्ही प्रकारांत तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, उधाणाची व भांगाची भरती, वाऱ्याचा कल आणि तळाचा गाळ यांचे ज्ञान तोंडपाठ असावे लागते. हेच ज्ञान युद्धकाळात आरमाराला लागते, आणि खाडीच्या तोंडावरील वाळूचे दांडे कोणत्या भरतीला पार करता येतात हे सांगू शकणारा माणूस सेनापतीच्या दृष्टीने तोफेइतकाच मोलाचा असतो.

या किनाऱ्याची दर्यावर्दी परंपरा पोर्तुगीजांपेक्षा कितीतरी जुनी आहे. वसईजवळील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक हे बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले असून १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. मात्र किल्ल्यांची सलग साखळी उभी राहिली ती सोळाव्या शतकात. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि पुढील दोनशे वर्षे हा किनारा त्यांच्या अमलाखाली राहिला. समुद्रावर फिरणाऱ्या व्यापारी जहाजांनी पोर्तुगीजांकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतला पाहिजे, अन्यथा जहाज जप्त होईल, असा त्यांचा नियम होता, आणि खाडीच्या तोंडावरचे लहानमोठे कोट हे त्या नियमाचे हात-पाय होते. केळव्याला एक पाणकोट, म्हणजे पाण्यात बांधलेला छोटा किल्ला, आणि किनाऱ्यावर एक भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. शिरगावला चौकोनी तटबंदी. तारापूरला खाडीच्या दक्षिण काठावर मोठा कोट. अशी ही रचना होती. यांतील बहुतेक बांधकामे भव्य नव्हती, परंतु एका कोटावरून दिसणारे गलबत पुढच्या कोटाला कळवता येईल इतक्या अंतरावर ती होती. आगाशी आणि वसई येथे जहाजबांधणीही चाले, कारण वैतरणेच्या खोऱ्यातील सागवान खाडीतून थेट किनाऱ्यावर आणता येई. तटाच्या दरवाजांना, तोफांच्या गाड्यांना आणि मासेमारीच्या मचव्यांना लागणारे लाकूड एकाच जंगलातून येत असे.

मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील १७३७ ते १७३९ ची मोहीम हा या किनाऱ्याच्या लष्करी इतिहासाचा सर्वांत दाट कालखंड होय. साष्टी परगण्यातील पोर्तुगीज अंमलाविरुद्धच्या असंतोषाला वाट करून देण्यात अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे या स्थानिक मंडळींचा पुढाकार होता, आणि ‘साष्टीची बखर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृत्तांतात त्या हालचालींचा विस्ताराने उल्लेख येतो. १७३७ च्या मार्चमध्ये पेशवे बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली ठाणे आणि साष्टीचा बराच भाग हस्तगत झाला, आणि त्याच सुमारास वैतरणेच्या मुखावरील अर्नाळ्याचे बेटही मराठ्यांकडे आले. अर्नाळ्याच्या विजयाचे खरे महत्त्व नकाशा पाहिल्यावर कळते. वसईच्या उत्तरेकडील हे बेट हाती असल्यास वैतरणेत शिरणारी रसद रोखता येते आणि दमणहून वसईकडे येणाऱ्या प्रत्येक गलबताला किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात रेटता येते. पेशव्यांनी ते केवळ ताब्यात ठेवले नाही, तर तेथे नव्याने मजबूत बांधकाम करवले. उत्तर दरवाजावरील मराठी पद्यलेखात बाजीरावांच्या आज्ञेचा आणि ती पार पाडणाऱ्या शंकराजी केशव यांचा निर्देश आहे. समुद्राच्या पोटात मराठी शब्द कोरून सत्ता जाहीर करणारा असा लेख या किनाऱ्यावर दुर्मीळ असून, त्याचे जतन व वाचन यांकडे जितके लक्ष दिले जावे तितके अद्याप दिले गेलेले नाही.

पुढील टप्पा जानेवारी १७३९ चा. त्या एका महिन्यात माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर आणि डहाणू ही ठाणी एकामागून एक पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा पेशवे घराण्याला अत्यंत जवळचा सरदार मारला गेला, आणि त्या मृत्यूचे दुःख पुण्यापर्यंत पोहोचले. वसईचा वेढा फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालला. वसईच्या तटाला समुद्र, खाडी आणि दलदल यांनी तीन बाजूंनी वेढले होते, आणि जमिनीकडून जाण्याला उत्तरेकडची वाळूची अरुंद पट्टी एवढाच मार्ग होता. त्या वाळूत मोर्चे खणून, बुरुजांखाली सुरुंग भरून ते उडवणे एवढाच उपाय मराठ्यांपुढे होता, आणि त्यात दोन्ही पक्षांची मोठी हानी झाली. वेढ्यात पोर्तुगीजांचा मुख्य अधिकारी मार्तिन्यो द सिल्वेरा मारला गेला आणि त्याच्यामागून सूत्रे घेतलेल्या कायतानो द सौझा परेरा याने शरणागतीचा करार केला. अखेरच्या काळात वसईकरांनी चर्चमधील चांदीची भांडी व पितळी तोफा गहाण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून कर्ज घेतले होते, यावरून त्यांची कोंडी किती पूर्ण झाली होती हे दिसते. ती कोंडी समुद्राच्या बाजूने पक्की करण्यात मानाजी आंग्रे यांच्या आरमाराचा वाटा होता. करारानुसार शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाचे अभय देण्यात आले. पुढे मराठी अमलात वसईला काही काळ ‘बाजीपूर’ हे नाव मिळाले, आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवस्थानांत गेल्या. नाशिकच्या गोदाकाठावरील, मराठी भाषेला वाक्प्रचार देणारी नारोशंकराची घंटा ही त्यांपैकीच एक, असे परंपरेने सांगितले जाते.

या मोहिमेवरील लेखनसामग्री विपुल आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या निवडींमध्ये वसईच्या मोहिमेला स्वतंत्र खंड आहे, य. न. केळकर यांचा त्यावर मराठी ग्रंथ आहे, पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरातील पोर्तुगीज साधनांच्या आधारे पोर्तुगीज-मराठे संबंधांचा अभ्यास केला, आणि त्याआधी १८७६ मध्ये जे. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. या सर्व लेखनाने घटनाक्रम, तारखा व माणसे निश्चित करण्याचे मोठे काम केले असून त्याशिवाय आजचा कोणताही विचार शक्य नाही. परंतु त्या सर्वांचा दृष्टिकोन तटबंदीवर उभ्या असलेल्या किंवा तटबंदीवर चढून जाणाऱ्या माणसाचा आहे. खाडी ओलांडण्यासाठी होड्या कोणाच्या होत्या, रात्रीच्या भरतीला बेटाकडे माणसे कोणी नेली, वेढ्याच्या महिन्यांत खाडीच्या तोंडाशी जाळे लावता येत नसताना कोळीवाड्यांनी पोट कसे भरले, हे प्रश्न त्या ग्रंथांत विचारले गेलेले नाहीत. यात त्या विद्वानांचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण लष्करी पत्रव्यवहार सरदार, रसद आणि पैसा यांविषयी बोलतो, आणि नावाड्याचा उल्लेख झालाच तर संख्येत होतो, नावाने होत नाही. दक्षिणेकडे जंजिऱ्याच्या स्वारीसंदर्भात लाय पाटील या सोनकोळ्याची कथा लोकस्मृतीत टिकली, परंतु उत्तर कोकणातील तितक्याच अवघड मोहिमेतून असे एकही नाव सर्वतोमुखी झालेले नाही. कोळी समाजाचा मानवशास्त्रीय अभ्यास विजया पुणेकर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या सोनकोळ्यांवरील ग्रंथात केला, तोही समकालीन जीवनाचा. त्यामुळे मधल्या दोन शतकांचा दुवा दोन्हीकडून सुटलेला आहे.

किल्ला आणि मासेमारी बंदर यांच्या या नात्याची तुलना करण्यासाठी दूरची दोन उदाहरणे उपयोगी आहेत. नॉर्वेच्या ईशान्य टोकावरील वार्दो हे बेटावरचे मासेमारी बंदर असून तेथील ताऱ्याच्या आकाराचा किल्ला १७३४ ते १७३८ या काळात, म्हणजे जवळजवळ वसईच्या मोहिमेच्याच वर्षांत, बांधला गेला. तेथे किल्ल्यामागे मासळीचेही कारण होते, कारण उत्तर ध्रुवीय समुद्रातील कॉड माशाच्या व्यापारावर आणि सीमेवर कोणाचा हक्क, हा राज्यांमधील वादाचा विषय होता. आइसलँडमधील सेदिसफ्योर्दुर या बंदराच्या खाडीत दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या फेब्रुवारीत, जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडालेले ‘एल ग्रिलो’ हे तेलवाहू जहाज आजही तळाशी असून त्यातून गळणाऱ्या तेलाचा त्रास तेथील किनाऱ्याला अनेक दशके झाला. या उदाहरणांतून एवढे स्पष्ट होते की दूरच्या मासेमारी बंदरांना युद्ध बाहेरून येऊन भेटते, आणि सैन्य परतल्यावर उरलेल्या वस्तू, मग ते बुरूज असोत की बुडालेली जहाजे, त्यांच्यासह जगण्याचे काम मासेमारांकडे राहते.

उत्तर कोकणात सैन्य परतण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने झाली. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गोडार्डच्या इंग्रज फौजेने वसई घेतली, जानेवारी १७८१ मध्ये अर्नाळाही पडला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने हा मुलूख पुन्हा मराठ्यांकडे आला, आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह तर वसईच्याच नावाने ओळखला गेला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर किनाऱ्यावर प्रतिस्पर्धी आरमारी सत्ता उरली नाही आणि कोटांना लष्करी अर्थ राहिला नाही. त्यांच्या दगडांवर झाडे वाढली, केळव्याच्या भुईकोटावर वाळू चढली. पण कोळीवाडे जागेवरच राहिले. वसईच्या किल्लाबंदर आणि पाचूबंदर येथील ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती, अर्नाळ्याच्या बेटावरची तटाबाहेरची घरे, सातपाटी आणि डहाणूकडील मांगेला समाजाची गावे, यांच्या दृष्टीने १८१८ हे वर्ष राजकीय बदलाचे असले तरी व्यवसायाचा खरा बदल त्यानंतर अर्धशतकाने, रेल्वेबरोबर आला.

१८६० च्या दशकात मुंबई-सुरत लोहमार्ग सुरू झाला तेव्हा मासळीला दोन नव्या बाजारपेठा मिळाल्या. ताज्या मासळीला मुंबई मिळाली, तर सुक्या मासळीला, म्हणजे उन्हात वाळवलेल्या बोंबील, करंदी आणि जवळ्याला, देशावरचा व खानदेशचा विस्तीर्ण प्रदेश खुला झाला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून नंदुरबारमार्गे जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग पूर्ण झाल्यावर हा माल सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सुलभपणे जाऊ लागला. तळोद्यासारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावाच्या आठवडे बाजारात सुके बोंबील आणि सुकट यांना मागणी असते, ती या जुन्या देवघेवीची खूण आहे. समुद्र न पाहिलेल्या सातपुड्यातील आदिवासी घरातही पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी ठेवली जाते, आणि त्या अर्थाने उत्तर कोकणातील बंदरांचा पाठीमागचा मुलूख सह्याद्रीपाशी संपत नाही. किल्ल्यांच्या इतिहासात या मुलखाची सीमा लढाईने आखली जाते. मासळीच्या इतिहासात ती बाजाराने आखली जाते, आणि दुसरी सीमा पहिलीपेक्षा कितीतरी रुंद भरते. तळोदे परिसराला तर मासेमारीचा एक नवा अनुभवही आला आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या विस्थापितांसाठी तळोद्याचे वनक्षेत्र मोकळे करून तेथे पुनर्वसन वसाहती उभारल्या गेल्या, आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नर्मदेच्या काठी मागे राहिलेल्या गावांतील लोक जलाशयात मासेमारीकडे वळले. जलाशयाची मासेमारी आणि समुद्राची मासेमारी यांत तंत्राचे साम्य थोडे आहे, परंतु पाण्यावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

विसाव्या शतकात या किनाऱ्याचे नेतृत्व सातपाटीकडे गेले. शिरगावच्या कोटाला लागून असलेल्या या गावाने लष्करी इतिहासात स्वतःचे नाव फारसे कोरले नाही, पण मासेमारीच्या सहकारी चळवळीत आणि होड्यांच्या यांत्रिकीकरणात ते अग्रभागी राहिले. रुंद पोटाचा, टोकदार नाळेचा सातपाटीचा मचवा नौकाबांधणीच्या अभ्यासकांनी स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला आहे, आणि शिडाच्या जागी इंजिन आले तेव्हा त्या बांध्यात सुधारणा होऊनही त्याची मूळ ओळख टिकली. सहकारी संस्थेने बर्फ, डिझेल आणि विक्री यांची जबाबदारी घेतल्याने नाखवा, म्हणजे होडीचा मालक, सावकाराच्या पाशातून बऱ्याच अंशी मोकळा झाला, आणि सातपाटीचे पापलेट मुंबईच्या बाजाराबरोबर परदेशातही नाव मिळवू लागले. त्याच माशाला सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून घोषित केले. हा गौरव आनंदाचा असला तरी त्यामागील कारण चिंतेचे होते, कारण पूर्ण वाढ होण्याआधीच पकडल्या जाणाऱ्या लहान पापलेटमुळे, ट्रॉलर व पर्ससीन जाळ्यांमुळे आणि किनाऱ्यावरील प्रदूषणामुळे या माशाचे प्रमाण घटत असल्याची तक्रार मच्छीमार संस्था अनेक वर्षे करीत होत्या. १ जून ते ३१ जुलै हा पावसाळी बंदीचा काळ प्रजननासाठी राखलेला आहे, तथापि बारीक आसांच्या जाळ्यांवर प्रत्यक्ष नियंत्रण नसेल तर बंदीने मिळवलेले ऑगस्टमध्ये गमावले जाते, ही संस्थांची भूमिका अनुभवातून आलेली आहे आणि ती गांभीर्याने घेतली गेली पाहिजे.

लष्करी सत्तेचा किनाऱ्याशी संबंध १८१८ ला संपला असे मानणे मात्र चूक ठरेल. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून आले, आणि त्यानंतर प्रत्येक मासेमारी होडी ही सुरक्षा यंत्रणेच्या दृष्टीने एकाच वेळी संशयाची वस्तू आणि पहाऱ्याचा डोळा बनली. ओळखपत्रे, होड्यांची नोंदणी व रंगखुणा, बंदरात ये-जा करताना द्यावी लागणारी माहिती, सागरी पोलीस ठाणी आणि ‘सागर कवच’ या नावाने होणाऱ्या सराव मोहिमा, हे सर्व त्यातून आले. पोर्तुगीजांच्या कार्ताझ परवान्याशी याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल, कारण त्या परवान्याचा हेतू व्यापारावर ताबा ठेवून वसुली करणे हा होता आणि आजच्या व्यवस्थेचा हेतू संरक्षण आहे. पण दाखला जवळ बाळगण्याचा भार समुद्रावर जाणाऱ्यावरच पडतो, हे सातत्य नोंदवण्यासारखे आहे. या भाराची अधिक क्रूर बाजू डहाणू-तलासरी भागातील आदिवासी खलाशांच्या वाट्याला येते. हंगामी मजुरीसाठी ते गुजरातच्या बंदरांतील होड्यांवर जातात, होडी सागरी सीमेपलीकडे गेल्याच्या आरोपावरून पाकिस्तानी यंत्रणा त्यांना पकडते, आणि कराचीच्या तुरुंगातून सुटका होईपर्यंत त्यांची कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहतात. सीमारेषा पाण्यावर दिसत नाही, आणि ती ओलांडल्याची शिक्षा होडीच्या मालकाला न होता खलाशाला होते, ही गोष्ट या आढाव्यात दुय्यम मानता येणार नाही.

भारतीय नौदलाने अर्नाळ्याचे नाव दोनदा स्वीकारले आहे. १९७० च्या दशकातील एका पाणबुडीविरोधी युद्धनौकेला ते नाव होते, आणि १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झालेली उथळ पाण्यातील पाणबुडीविरोधी नौकाही ‘अर्नाळा’ याच नावाची आहे. अशा सोळा नौकांच्या मालिकेतील ती पहिली असून किनाऱ्याजवळच्या पाण्यात पाणबुड्यांचा शोध घेणे हे तिचे काम आहे. किनाऱ्याच्या उथळ पाण्याचे रक्षण करणाऱ्या नौकेला वैतरणेच्या मुखावरील बेटाचे नाव मिळणे हे ऐतिहासिकदृष्ट्या अत्यंत समर्पक आहे. त्याच वेळी ज्या बेटावरून हे नाव घेतले, त्या बेटावर जाण्यासाठी आजही होडीच लागते, आणि तेथील किनाऱ्यावरची घरे उधाणाच्या लाटांनी ढासळत आहेत.

वारसा आणि उपजीविका यांच्यातील ताण आता तीन रूपांत दिसतो. पहिले रूप संरक्षित स्मारकांच्या कायद्याचे आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. स्मारकाच्या रक्षणासाठी हा नियम आवश्यक आहे, परंतु वसईत कोळीवाडा आणि किल्ला परस्परांना चिकटून असल्याने, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांची वस्ती ही स्मारकाच्या इतिहासाचाच भाग आहे, हे मान्य करणारी तरतूद नियमात असायला हवी. दुसरे रूप मोठ्या प्रकल्पांचे आहे. तारापूरच्या परिसरात १९६९ पासून अणुऊर्जा केंद्र आहे, त्याच्या विस्तारासाठी किनाऱ्यावरील गावे हलवली गेली, आणि आता डहाणूजवळ वाढवण येथे समुद्रात भराव घालून प्रचंड बंदर उभारले जात आहे. त्याला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली, आणि जाहीर झालेला खर्च ७६,२२० कोटी रुपयांचा आहे. १९९० च्या दशकात याच ठिकाणचा बंदराचा प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अनुमती दिली. मच्छीमार संघटनांचा विरोध विकासाच्या कल्पनेला नसून मासेमारीच्या जागा कायमच्या बंद होण्याला आहे. समुद्राच्या पोटात भराव घालून तळाची रचना बदलली की डोल जाळ्याची वंशपरंपरागत जागा नकाशावर राहते, पण तिच्यातून वाहणारा प्रवाह राहत नाही.

तिसरे रूप धूप आणि गाळ यांचे आहे, आणि ते सर्वांत कमी बोलले जाते. किनाऱ्यावर कोठेही भराव, बंधारा किंवा वाळूउपसा झाला तर वाळूची ये-जा बदलते, आणि ती कोठे साचेल व कोठून वाहून जाईल याचा परिणाम दूरच्या गावावर होतो. अर्नाळ्याच्या बेटावर, सातपाटीच्या किनाऱ्यावर आणि इतरत्र उधाणाच्या दिवसांत पाणी घरांत शिरते, त्यावर धूपप्रतिबंधक बंधारे घातले जातात आणि काही वर्षांत तेही ढासळतात. तांडेलांची एक जुनी रीत येथे स्मरणीय आहे. समुद्रात जाळ्याची जागा ठरवण्यासाठी ते डोंगराचे टोक, माडांची राई, देवळाचा कळस किंवा किल्ल्याचा बुरूज अशा दोन-दोन खुणा एका रेषेत आणून ठिकाण पक्के करीत, आणि या रेषांना त्यांच्या बोलीत नावे असत. उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रांनी ही गरज कमी केली असली तरी वृद्ध तांडेलांच्या स्मरणात त्या खुणा अद्याप आहेत. पूर्वी किनारा कोठे होता, कोणता बुरूज पाण्यापासून किती अंतरावर होता, कोणत्या वर्षी वाळूचा दांडा सरकला, हे सांगू शकणारी ती एकमेव तोंडी नोंदवही आहे. पेशवे दप्तरातील पत्रे आणि गोव्याच्या दप्तरातील पोर्तुगीज कागद निवडून छापले गेले. किल्लाबंदर, अर्नाळा, सातपाटी, डहाणू आणि झाई येथील या खुणांची नावे अजून कोणी एकत्र लिहून घेतलेली नाहीत, आणि ती सांगणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे.